पोपटाचा पलंग आणि तारांकित प्रश्न

महाराष्ट्राच्या विधानसभेत आजवर जेवढी माणसं निवडून गेली, त्यांतल्या कुणीही सरकारकडं अडलेल्या बाळंतिणीकडं बघावं तसं बघितलेलं नाही. आपा बघते. समोर मंत्री उत्तर देत असतो, कागद चाळत असतो, मागच्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी येईपर्यंत घसा खाकरत असतो, आणि आपा विरोधी बाकांवरून ओरडते, "लाव जोर! अर्ध्यावर थांबू नको!" नव्या सदस्यांना वाटतं ही बाई टिंगल करते. तसं नाही. तिनं आपली उमेदीची सगळी वर्षं आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली, आणि अडलेली गोष्ट मोकळी करायची दुसरी रीत तिला ठाऊकच नाही. अध्यक्ष म्हणतात, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं." आपा म्हणते, "बसते महोदय, पण याला सोडू नका, आता कुठं कळा यायला लागल्यात."

आपा माझ्या वडिलांची मानलेली बहीण. तिचं घर पिंजाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मागच्या आळीत. गावातल्या बहुतेक गाद्या तिच्या भावानं भरल्यात आणि त्या गाद्यांवर झोपणारी बहुतेक माणसं तिच्या हातावर जन्मलीत. मीही त्यातलाच. ती निवृत्त झाली त्या वर्षी एका लहानशा पक्षाला आमच्याकडं उमेदवार मिळेना. मोठ्या पक्षांच्या गाड्या फिरत होत्या, भोंगे बोंबलत होते, आणि हा पक्ष दारोदार जाऊन 'कुणी उभं राहता का' असं विचारत होता. आपा म्हणाली, "राहते. उभं राहायची सवय हाय मला." लोक हसले. मोठ्या पक्षांचे लोक तर फारच हसले. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मतदारयादी म्हणजे आपाच्या बाळंतपणाच्या रजिस्टरची नक्कल होती. ती प्रचाराला भाषण करायचीच नाही. ओट्यावर बसलेल्या तगड्या गड्याकडं बोट करून म्हणायची, "तू पायाळू. तुझ्या आईला दीड दिवस लागला. मत कुणाला?" तो गडी मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "तुलाच की आपा."

तर अशी ती निवडून आली, आणि तिच्या पक्षाची सभागृहातली एकमेव सदस्य झाली. म्हणजे गटनेतीही तीच आणि प्रतोदही तीच. महत्त्वाच्या मतदानाआधी ती स्वतःला पक्षादेश बजावते आणि पोच म्हणून खाली स्वतःच सही करते. एकदा तिनं पक्षाच्या भूमिकेपेक्षा जरा नरम भाषण केलं, तेव्हा संध्याकाळी आमदार निवासात बसून स्वतःला लेखी ताकीद दिली. ती ताकीद मी पाहिली आहे. भाषा कडक होती. खाली उत्तरही होतं: 'चूक कबूल. पुन्हा होणार नाही.'

मुंबईला जायचं तर ती नांदेडपर्यंत एसटीनं जाते. एसटीच्या गाडीत एका बाकावर 'आमदार/खासदार' असं लिहिलेलं असतं. त्या बाकावर आमदार बसलेला मी तरी आपाशिवाय पाहिलेला नाही. पहिल्या खेपेला वारंगा फाट्यावर ती गाडीत चढली आणि थेट त्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर आला. म्हणाला, "मावशी, उठा. वर काय लिव्हलंय? आमदाराची जागा हाय ती."

"मंग बसलीच हाय की आमदार."

"व्हय का? अन् मी मुख्यमंत्री."

"बरं झालं भेटलात," आपा म्हणाली, आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. आमच्या तालुक्यातल्या गळक्या शाळा, बंद पडलेले हातपंप, डॉक्टर नसलेले दवाखाने असं एकेक प्रकरण तिनं त्या मुख्यमंत्र्यासमोर मांडलं. तो तिकिटं फाडायला पुढं गेला की ती मोठ्यानं बोलायची, मागं आला की हळू. नांदेड येईपर्यंत त्यानं तीन वेळा "बघतो, आपा" म्हटलं होतं. ती म्हणते, मुंबईतल्या खऱ्याखुऱ्यानं एकदाही म्हटलेलं नाही.

तिची दुसरी खोड नाडीची. अधिकारी कितीही मोठा असो, खुर्चीत टेकायच्या आधी ती त्याचं मनगट धरते. नर्सा लावतात तसं उलटं घड्याळ अजून तिच्या पदरावर टाचलेलं असतं. त्याच्याकडं बघत म्हणते, "हं, बोला आता. केंद्रात औषधं कधी येणार?" साहेब म्हणतात, "पुढच्या आठवड्यात नक्की." आपा घड्याळावरची नजर न काढता म्हणते, "वाढली." एका साहेबाची नाडी तिला खरोखरच बिघडलेली लागली. तिनं प्रश्न तिथंच सोडला, त्याला खडसावून तपासायला पाठवलं, आणि डॉक्टरांनी म्हणे सांगितलं की वेळेवर आलात. तो साहेब तेव्हापासून आपाला आई म्हणतो, ईदला घरी येतो, शिरखुर्मा खातो. औषधं मात्र त्यानंही पाठवली नाहीत. मला हे समजत नाही. ज्या बाईनं तुमचा जीव वाचवला तिच्या गावाला तापाची गोळी पाठवायला हात का थरथरावा? पण आपा म्हणते, "त्याचं काळीज सुधारलं, खातं न्हाई सुधारलं. दोन वेगळे दवाखाने हायेत ते."

आणि तिसरी खोड भाषेची. विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरलेली चाल आहे. अमुक हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय? ही चाल आपाच्या जिभेवर इतकी बसली आहे की ती आमच्या घरी जेवायला बसते आणि आईला विचारते, "भाकरीसोबत ठेचा करण्यात आलेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाची याबाबत भूमिका काय?" आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "प्रश्न उद्भवत न्हाई. जेवा गुमान." सगळे हसतात. आपा हसत नाही. त्या तीन शब्दांवर तिची खरी आग आहे. "तुमाला न्हाई कळायचं," ती म्हणते. "पहिल्या प्रश्नाला 'हे खरे नाही' लिव्हलं की खालचं समदं आपोआप उद्भवत न्हाई. कुलूप न्हाई म्हणलं की चावी न्हाई, बाई न्हाई, कळा न्हाई. एका ओळीत अख्खं गाव पुसून टाकतेत."

कुलूप ती उगाच म्हणत नव्हती. आपा निवृत्त झाल्यावर आमच्या केंद्राला तिच्या जागी दुसरी नर्स मिळालीच नाही. डॉक्टर कधीमधी येऊन जायचे. प्रसूतीच्या खोलीला कुलूप लागलं. आत होतं ते सामान हळूहळू दुसरीकडं हलवलं गेलं. डोंगरकड्याच्या पलीकडं आत असलेलं आमचं गाव, तिथून तालुक्याला जायचं म्हणजे आधी पावसानं खाल्लेला रस्ता आणि मग हमरस्ता. मागच्या खेपेला माझ्या वहिनीला माहेरी न्यायच्या आधीच, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आम्ही तिला पहिल्यांदा केंद्रावरच नेलं, कारण सवय. माझ्या भावानं ते कुलूप हातानं ओढलं, मग दगडानं ठोकलं. मग जीप मिळवली. आपा त्या दिवशी मुंबईत होती, सभागृहात, आमच्याच रस्त्याबद्दल बोलत होती. जीप तालुक्याला पोचेपर्यंत वहिनीच्या मांडीवर लेकरू होतं आणि ते रडत नव्हतं.

ते लेकरू गेलं. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. ह्या गोष्टीवर मी पत्रक लिहायला बसलो होतो आणि पहिल्या ओळीच्या पुढं गेलो नाही. माझे वडील हयातभर पत्रकं काढत आले. 'धिक्कार' हा शब्द मला 'बदक' लिहायच्या आधी यायला लागला. तरी त्या दिवशी शब्द पुरले नाहीत.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले. आपानं आमच्या ओसरीवर बसून मला प्रश्न सांगितला आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला: सदर केंद्रातील प्रसूतिगृह दीर्घकाळ कुलूपबंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय आहेत? नसल्यास, कुलपाची चावी कोणाकडे आहे? शेवटचं वाक्य मी काढू या म्हटलं. आपा म्हणाली, "तेच तर विचारायचं हाय. बाकीचं शोभेला हाय." प्रश्न दाखल झाला, तारांकित झाला, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं. वहिनीला सातवा सरला होता. हिशेब सरळ होता. उत्तर येईल, नर्स येईल, आणि वहिनीला जीपमध्ये बसावं लागणार नाही.

असा प्रश्न लागला की सरकार खालून माहिती मागवतं. एक दिवस सरपंच धावत आले. "पथक येऊन राहिलं! उद्या सकाळी! मुंबईवरून साहेब हायेत. खोली बघणार म्हणं."

"बघू द्या की," मी म्हटलं. "तेच पाहिजे."

"अरे पण आत काय हाय? धूळ अन् पालीची अंडी. बाहेरच्या माणसानं काय म्हणावं? गावाची इज्जत हाय का न्हाई?"

पुढं जे झालं ते लिहिताना मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आमच्या भागात पाहुणा येणार म्हटलं की माणसाची अक्कल चुलीमागं जाऊन बसते. चावी कुणाकडंच सापडली नाही, म्हणून सरपंचांनी स्वतः कुलूप तोडलं. बायांनी खोली झाडली, धुतली, समोर सडा घातला, रांगोळी काढली. पोरांनी एका दुपारीत भिंतींना चुना मारला. गणेश मंडळाचा निळा पडदा आला. आपाचे भाऊ, ज्यांना सगळा गाव चाचा म्हणतो, ते कोरी गादी डोक्यावर घेऊन आले, म्हणाले, "आपल्या गावात साहेब आले अन् गादी फाटकी दिसली तर माझं काय राहिलं?" कुणी मेजावर टाकायला शाल आणली, कुणी लग्नातला स्टीलचा पिंप. आणि पलंग? तो आमच्या घरून गेला. वहिनीच्या आंदणातला लोखंडी पलंग, डोक्याकडच्या पत्र्यावर समोरासमोर दोन हिरवे पोपट. आम्ही कुणी तिला विचारलंही नव्हतं. तीच दारात येऊन म्हणाली, "न्या आपला पलंग. खोली तयार दिसली तर नर्सबाई लौकर देतील." आणि आठव्या महिन्यात ती खाली चटईवर झोपली.

मी काय केलं, तेही सांगतो. मी शिडीवर चढून दारावर तांबड्या रंगात 'प्रसूतिगृह' अशी ठसठशीत अक्षरं काढली. दोन तास लागले. मला अभिमान वाटला. वहिनीसारखंच मलाही वाटलं होतं की सगळं आहे, फक्त नर्स नाही, हे साहेबांना स्वच्छ दिसेल. उपाशी माणसानं तोंडाला तूप लावून बसावं आणि कुणीतरी जेवायला वाढेल म्हणून वाट बघावी, तसं आम्ही सगळे वाट बघत बसलो.

साहेब आले. हार झाले, पोहे झाले. खोली बघून खूश झाले, फोटो काढले. जाता जाता एकानं विचारलं, "नर्स कुठे आहेत?" मग मागून, केवळ पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, कुणीतरी म्हणालं, "जेवायला गेल्यात." तो आवाज कुणाचा होता हे आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आपाला हे आम्ही फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, तिला सभागृहातच आनंद होऊ दे.

प्रश्नाच्या दिवशी आमच्या ओसरीवर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. सरपंच, चाचा, अर्धी आळी, आणि भिंतीला टेकून वहिनी. मंत्री उठले. "हे खरे नाही," ते म्हणाले. "सदर प्रसूतिगृह सर्व सोयींनी सुसज्ज असून कर्मचारी उपलब्ध आहेत. सन्माननीय सदस्या सभागृहाची दिशाभूल करत आहेत. हा पुरावा." त्यांनी मोठा केलेला फोटो वर धरला. निळा पडदा, शाल, पिंप, आणि मधोमध पलंग.

"आपला पलंग!" सरपंच ओरडले. "टीव्हीत आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा म्हणाले, "गादी बी दिसून राहिली बघा, कशी भरलीय!" मग आपा उठली आणि टाळ्या विरल्या. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिली.

"अध्यक्ष महोदय, ह्या पलंगावर मी झोपलेली हाय."

सभागृह हसलं.

"दोन पोपट हायेत. डाव्या पोपटाचा रंग मीच टेकून टेकून घालवला. हा सरकारी पलंग न्हाई. हा माझ्या भाच्याच्या घरचा हाय."

सभागृह आणखी हसलं. मंत्रीही हसले. म्हणाले, "बरं, मग तो तिथं सरकारनं नेला का? कुणी नेला, ते सदस्यांनीच सांगावं."

आपानं तोंड उघडलं. पण 'माझ्याच लोकांनी नेला' म्हणायचं म्हणजे भर सभागृहात आपल्या गावाला खोटारडं ठरवायचं, सरपंचाला अडकवायचं, भावाच्या गादीवर बोट ठेवायचं. तिनं तोंड मिटलं आणि अध्यक्षांनी न सांगता खाली बसली. "पुढील प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. वहिनी पुढं वाकली आणि तिनं मोबाईल पालथा घातला. ओसरीवरून सगळे उठून गेले, चपला शोधताना कुणी कुणाकडं बघेना.

मंत्र्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. आम्ही गाढवपणा केला, कबूल. पण लेबर रूमच्या पलंगावर पोपट का, हा साधा प्रश्न तुमच्या एकाही साहेबाला पडला नाही? पडला असणार. डोळे झाकायला भिंतीला लावलेला चुना पुरला, कारण त्यांना डोळे झाकायचेच होते. आमचा गुन्हा पाहुणचाराचा होता. तुमचा गुन्हा वेगळा आहे, आणि तो माहिती असून केलेला आहे.

शनिवारी दुपारी आपा एसटीनं आली ती थेट केंद्रावर. लोक आपापलं सामान परत न्यायला जमले होते. ती दारात आडवी उभी राहिली.

"चहा पाजा, पोहे चारा, हार घाला. पण पुरावा काहून दिला रे? कुणी मागितला होता?" मग माझ्याकडं वळली. "अन् तू! निषेध लिहितो ना जगाचा? दारावर नक्षी काढून राहिला!" तिची नजर चाचांवर गेली. "भाईजान, तुमी बी?"

चाचा हळूच म्हणाले, "पाहुणा फाटक्या गादीवर बसला असता तर तुलाच वाईट वाटलं असतं."

ते खरं होतं. औषधं न पाठवणाऱ्या साहेबाला वाढलेला शिरखुर्मा आठवून बघा. ती थोडा वेळ पदराचं घड्याळ चाचपत राहिली. सरपंच पलंग उचलायला वाकले तशी कडाडली, "हात लावू नका! मंत्र्यानं सभागृहात सांगितलं हाय, पलंग हाय. आता हाय म्हणजे हाय. कुणाच्या बापाला मागं नेता येणार न्हाई."

त्या दिवसापासून ती केंद्रावर ठाण मांडून बसली. दाराशी मंत्र्याचं छापील उत्तर चिकटवलं. खोली पुन्हा नीट धुतली, तिच्या स्वतःच्या पेटीतलं जपून ठेवलेलं सामान उकळलं, पोपट फिनेलनं पुसले. रोज सकाळी जिल्ह्याला फोन. "तुमच्या उत्तरातली नर्स अजून पोचली न्हाई. जेवायला गेली ती परत आली का?" पलीकडून म्हणायचे, पाठपुरावा सुरू आहे. ती म्हणायची, "नाडी दाखवायला येऊ का?" फोन कट व्हायचा. ती पुन्हा लावायची. आमदारकीचा तिनं केलेला सगळ्यात मोठा गैरवापर म्हणजे तिचा फोन उचलावाच लागायचा.

नववा सरता सरता, एका रविवारी सकाळी वहिनीच्या कळा सुरू झाल्या. आम्ही तिला केंद्रावर आणलं आणि आपानं आधी सरकारी रुग्णवाहिकेला फोन केला. "वाटेवर आहे," उत्तर आलं. अर्ध्या तासानं पुन्हा वाटेवर. भावानं जीप आणून उभी केली. आपानं वहिनीला तपासलं आणि म्हणाली, "लेकरू सरळ हाय, पण वेळ न्हाई. ह्या रस्त्यानं न्यायची न्हाई हिला."

मी प्रसूतिगृहाच्या दारात आडवा उभा राहिलो. आजही मला त्याची लाज वाटते, पण त्या क्षणी मी स्वतःला फार बरोबर समजत होतो. म्हटलं, "आपा, इथं नको. इथं बाळंतपण झालं तर ते लिहितील, प्रसूतिगृह चालू आहे, बघा, बाळंतपणं होतात. खोटं होतं ते तू स्वतःच्या हातानं खरं करून देशील. तुझा प्रश्न मरेल."

आपा बाह्या वर करत होती. "मरू दे प्रश्न. मागच्या खेपेला काय मेलं, आठवतं का?"

मी दारातून बाजूला झालो.

"पत्रक मागून लिही. आधी पाणी ठेव. अन् मोठं पातेलं घे, येड्या, चहाचं न्हाई!"

मी पाणी ठेवलं. आतून आपाचा आवाज येत होता, जो आवाज अख्ख्या विधानसभेनं ऐकला आहे, फक्त त्यात राग नव्हता. "लाव जोर माझी बाय. अर्ध्यावर थांबू नको." बाहेर चाचा भिंतीला पाठ लावून काहीतरी पुटपुटत होते, आई घरच्या तुळशीच्या दिशेला तोंड करून. मग एक बारीक, चिडका, खरखरीत आवाज आला. मुलगी होती, आणि ती रडत होती, आणि बराच वेळ तिला कुणी गप्प केलं नाही.

रुग्णवाहिका त्यानंतर आली. ड्रायव्हर पोरगेलासा होता, डोळे तारवटलेले, म्हणाला दोन तालुक्यांना मी एकटाच आहे. आपानं त्याचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, आणि त्याला बसवून चहा दिला. त्याच्यावर ओरडली नाही. मग तिनं केंद्राचं रजिस्टर मागवलं. 'प्रसूती करणाऱ्याचे नाव' ह्या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं आणि 'पदनाम'समोर लिहिलं: 'सदस्य, विधानसभा (विरोधी पक्ष)'. तो कंस तिनं मोठ्या समाधानानं काढला.

मी म्हणालो तसंच झालं. पुढच्या अधिवेशनात तिनं पुन्हा प्रश्न लावला, आणि छापील उत्तर आलं: सदर केंद्रात प्रसूती होत असून माता व बालिका सुखरूप आहेत. उरलेले प्रश्न उद्भवत नाहीत. आमच्या वहिनीची कळ, आपाच्या हातांचं कसब, चाचांची गादी, सगळं सरकारच्या यशात जमा झालं. एवढं मात्र झालं की दुसऱ्या केंद्रावरची एक नर्स आमच्याकडं आठवड्यातून तीन दिवस यायला लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकीचे चार दिवस आमच्या बायकांनी कळा आवरून धराव्यात, अशी शासनाची भूमिका दिसते. ती नर्स चांगली आहे. ती आमच्याकडं असते ते तीन दिवस दुसऱ्या गावच्या बायकांनी कळा आवरून धरलेल्या असतात.

त्या उत्तराच्या दिवशीही आम्ही मोबाईल लावून बसलो होतो. ह्या वेळी टाळ्या नव्हत्या. वहिनीच्या मांडीवर पोरगी दूध पिऊन पेंगत होती. मंत्र्यांनी उत्तर वाचलं आणि आपा उपप्रश्नाला उठली. म्हणाली, "अध्यक्ष महोदय, ती प्रसूती मीच केली. सरकारनं माझे आभार मानू नयेत. फक्त एवढं सांगावं, की मंगळवारी, गुरुवारी..." आणि तिचा माईक बंद झाला. अध्यक्षांनी पुढच्या सदस्याचं नाव घेतलं. कॅमेरा तिकडं वळला. तरी त्या चित्राच्या कडेला, दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यामागं, आपाचा पांढरा पदर दिसत होता. तिचे ओठ हलत होते. आई म्हणाली, "काय म्हणून राहिली आता?" कुणालाच ऐकू येत नव्हतं, पण राहिलेले वार आम्हाला पाठ होते.

तिचा डावा गुडघा हल्ली फार दुखतो. घरी ती ओसरीची पायरी चढतानाही भिंतीला धरते. समोरच्या बाकाला हात टेकून ती बोलतच होती, आणि पुढचा सदस्य बोलून खाली बसला तरी ती उभी होती.